मनोरुग्णालयाच्या संग्रहालयात एक दुपार: गट घेऊन जाणाऱ्यांसाठी

लंडनच्या बेथलेम रुग्णालयात सतराव्या-अठराव्या शतकात लोक हौसेने फिरायला जात. तिथे तेव्हा संग्रहालय नव्हतं. बघायला होती ती आजारी माणसं. सणासुदीला गर्दी व्हायची, येणारे दानपेटीत पैसे टाकायचे, खोल्यांवरून फिरायचे आणि घरी जायचे. १७७० साली ही मोकळी ये-जा बंद झाली. आज त्याच रुग्णालयाच्या आवारात मनाच्या आरोग्याचं संग्रहालय आहे आणि दुपारचे लोक तिथे पुन्हा जाऊ लागले आहेत.

अशी सहल आखताना हा इतिहास मनात असावा. हेतू कितीही चांगला असला, तरी दहाबारा माणसं एकत्र एखाद्या बेडीभोवती किंवा गादी लावलेल्या कोठडीभोवती उभी राहिली की बघण्याला जुनं वळण लागायला वेळ लागत नाही. कुणी नकळत हसतं, कुणी फोटो काढतं, आणि त्याच घोळक्यात मागे उभी असलेली एखादी व्यक्ती, जिने स्वतः असे दिवस काढले आहेत, गप्प होते. ती दुपार तिच्यासाठी कशी जाते, यावर सहल जमली की फसली हे ठरतं. पुढची सगळी तयारी त्यासाठी आहे.

वाचनगट, स्वमदत गट, ज्येष्ठांचं मंडळ, शिक्षक, परिचारिकांचे विद्यार्थी, किंवा नुसताच मित्रपरिवार, यांपैकी कुणालाही ही सहल करता येईल.

कोणतं संग्रहालय?

मानसिक आरोग्याची सगळी संग्रहालयं एका साच्यातली नसतात. काही संग्रहालयं चालू रुग्णालयाच्या आवारात आहेत. लंडनजवळच्या बेकेनहॅमचं बेथलेमचं संग्रहालय, इंग्लंडमधल्याच वेकफिल्डचं, अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या सेलमचं ही त्यातली. बेथलेमची स्थापना १२४७ सालची, म्हणजे तिथे इतिहासाला तोटा नाही. पण बाहेरच्या बाकावर बसलेली व्यक्ती आज तिथे उपचार घेत असू शकते. आवारात मोठ्याने बोलणं, घोळका करून उभं राहणं, इमारतींचे फोटो काढणं टाळायला हवं, हे निघण्याआधीच गटाला सांगा.

काही संग्रहालयं मुख्यतः चित्रांची आणि हस्तकलेची आहेत. जर्मनीत हायडेलबर्गला प्रिन्झहॉर्न संग्रह आहे. हान्स प्रिन्झहॉर्न या डॉक्टरांनी १९१९ ते १९२१ या काळात मनोरुग्णालयांमधून रुग्णांनी केलेली कामं गोळा केली, सुमारे ५,००० नग. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोला नीझे द सिल्व्हेरा यांनी १९५२ साली असंच संग्रहालय उभं केलं. विजेचे झटके द्यायला आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया करायला त्यांनी नकार दिला होता आणि रुग्णांच्या हाती रंग दिले होते.

तिसऱ्या प्रकारात वस्तूंइतकाच विचारांवर भर असतो. बेल्जियममधल्या गेंटचं डॉ. गिस्लाँ संग्रहालय १८५७ साली बांधलेल्या मनोरुग्णालयाच्या इमारतीत १९८६ पासून आहे. नेदरलँड्समधल्या हार्लेमचं, रोमचं, हीही याच वळणाची. आणि चौथा प्रकार उपचारांच्या आणि जखडण्याच्या साधनांचा. अमेरिकेतल्या सेंट जोसेफचं ग्लोर संग्रहालय त्यासाठी प्रसिद्ध आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्या गटाला मी चित्रांच्या संग्रहालयात नेईन. तिथे माणूस आधी भेटतो, आजार नंतर. साधनांचं संग्रहालय वाईट नसतं, पण तिथे पाय ठेवताच अंगावर येतं ते लोखंड आणि चामडं, आणि मग तासभर दुसरं काही दिसत नाही. जवळपास एकच संग्रहालय असेल आणि ते साधनांचंच असेल, तर निदान दालनांचा क्रम बदला. याबद्दल खाली सांगते.

आधी स्वतः जाऊन या

ही पायरी गाळू नका. संकेतस्थळावरच्या फोटोंवरून अंदाज येत नाही. एकट्याने किंवा एका सोबत्याबरोबर जा, आणि प्रेक्षक म्हणून एकदा व संयोजक म्हणून एकदा अशा दोन फेऱ्या मारा. दुसऱ्या फेरीत वही हातात असू द्या.

सगळ्यात जड वस्तू कोणत्या दालनात आहेत? त्या टाळून पुढे जाता येतं का, की वाट त्यांच्यामधूनच आहे? एखाद्या दालनात ध्वनिफीत सुरू असते का? किंचाळ्या, दारं आपटण्याचे आवाज, कानात कुजबुजणारे आवाज असं काही ‘अनुभव’ म्हणून ऐकवत असतील, तर ज्यांना खरोखर आवाज ऐकू येतात त्यांच्यासाठी ते फार त्रासाचं ठरू शकतं. असं दालन वगळा किंवा त्याबद्दल आधी स्पष्ट सांगा. बसायला जागा कुठे आहे? बाहेर पडायचं दार किती लांब? लिफ्ट, स्वच्छतागृह, पाणी? बंद दाराची अरुंद खोली आहे का? कोठडीत स्वतःला कोंडून बघण्याची सोय ठेवली असेल, तर गटाने ती वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

मग संग्रहालयाशी बोला. अशी बरीच संग्रहालयं लहान असतात, आठवड्यातले मोजकेच दिवस उघडी असतात आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी असतो. गटासाठी आगाऊ नोंदणी लागते का, वाटाड्या मिळतो का, ते विचारा. आणखी एक प्रश्न जरूर विचारा: स्वतः मानसिक आजारातून गेलेली कुणी व्यक्ती फेरी घडवते का? मिळाली तर दुसरा विचार करू नका. डॉक्टर किंवा इतिहासकार यंत्राचं काम समजावतात. त्या खाटेवर झोपलेलं असताना छताकडे बघत दिवस कसा जातो हे सांगणारा माणूस वेगळा असतो. फेरीनंतर बसायला एखादी खोली तासाभरासाठी देतील का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

आमंत्रण

आठ ते बारा माणसं पुरेत. त्यापेक्षा जास्त झाली की फेरी ओढाताणीची होते आणि नंतरच्या गप्पांत चारजणच बोलतात. बारापेक्षा जास्त जण इच्छुक असतील तर दोन दुपारी करा.

शुभार्थी म्हणजे आजारातून जाणारी किंवा गेलेली व्यक्ती, शुभंकर म्हणजे त्यांना सांभाळणारे नातेवाईक, आणि ज्यांचा या विषयाशी थेट संबंध नाही असे लोक, यांची सरमिसळ चांगली. पण कोण कोणत्या गटातलं, हे विचारायचं नाही आणि सुचवायचंही नाही. नावनोंदणीच्या अर्जात ‘तुम्हाला काही मानसिक त्रास आहे का’ असा रकाना ठेवू नका. त्याऐवजी ‘दुपार सुखाची जावी म्हणून आम्हाला काही माहीत असायला हवं का?’ एवढं विचारा. ज्यांना सांगायचं ते सांगतात.

आमंत्रणात काय दिसणार आहे ते उघड लिहा. गुळमुळीत भाषेने कुणाचं भलं होत नाही. असा मजकूर चालेल:

‘या संग्रहालयात रुग्णांनी केलेली चित्रं, त्यांची पत्रं आणि कपडे आहेत. माणसांना बांधून ठेवण्याची साधनं, जुन्या शस्त्रक्रियांची हत्यारं आणि विजेच्या झटक्यांची यंत्रंही आहेत. काही मजकुरात आत्महत्येचा आणि रुग्णालयातल्या मृत्यूंचा उल्लेख येतो. कोणतंही दालन वगळता येईल, कधीही बाहेर येता येईल, कारण सांगावं लागणार नाही. फेरी साधारण सव्वा तासाची, नंतर बसून चहा आणि गप्पा. गप्पांना थांबणं ऐच्छिक.’

हे वाचून दोघंतिघं येणार नाहीत. त्यांनी योग्य निर्णय घेतला असं समजा. नुकतंच रुग्णालयातून घरी आलेलं कुणी यायचं म्हणत असेल, तर ‘तुम्हाला झेपणार नाही’ असं आपण ठरवून टाकू नये. शांतपणे वस्तूंची कल्पना द्यावी आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. या संग्रहालयांमधली अर्धी दुःखं ‘आम्ही तुमच्या भल्यासाठी ठरवलं’ या वाक्यातून आलेली आहेत. लहान मुलांना मात्र आणू नका. सोळासतरा वर्षांची मुलं आईवडिलांसोबत आली तर त्यांचे प्रश्न बहुधा सगळ्यात चांगले असतात.

वेळ, औषधं, पाणी

दुपारच का? मनाच्या आजारांवरच्या कित्येक औषधांनी सकाळी गुंगी राहते, आणि नैराश्यात तर सकाळ अनेकांना सर्वांत अवघड जाते. भल्या पहाटे निघणाऱ्या सहलींतून ही माणसं आपोआप गळतात. दीडला जमणं, दोनला आत, सव्वातीनला बाहेर, साडेचारपर्यंत गप्पा, आणि उजेड असताना घरी, हे वेळापत्रक माझ्या मते उत्तम. कामाच्या दिवशी दुपारी गर्दीही कमी असते.

दुपारच्या गोळ्या सोबत ठेवायची आठवण करा, पण सगळ्यांना एकत्र. प्रत्येकाला वेगवेगळं विचारू नका. पाण्याकडे लक्ष असू द्या. मनःस्थितीतल्या टोकाच्या चढउतारांवरचं लिथियम हे औषध घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं त्याचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. इतर काही औषधांनी तोंडाला कोरड पडते, ऊन सहन होत नाही. म्हणून जमायची जागा सावलीतली हवी, रांगेत फार वेळ उभं राहायला लागू नये, आणि पाण्याच्या बाटल्या आत नेता येत नसतील तर मध्येच बाहेर येऊन पाणी पिण्याची सोय हवी. (हेच लिथियम जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली उन्मादावर वापरून दाखवलं. औषधांच्या दालनात ती नोंद सापडेल. गटातल्या कुणाच्या पर्समध्ये तीच गोळी असेल.)

दाराशी दहा मिनिटं

आत शिरण्याआधी सगळ्यांना एकत्र उभं करा आणि थोडक्यात चार गोष्टी सांगा. दोघादोघांच्या जोड्या करा. नवराबायको किंवा आईमुलगा एकाच जोडीत नसतील तर बरं, कारण घरातली माणसं एकमेकांकडे बघत राहतात, वस्तूंकडे नाही. जोडीदाराचं काम एवढंच की दुसरा बाहेर गेला तर त्याला एकटं वाटू नये. रुग्णांच्या फोटोंचे फोटो काढायचे नाहीत; त्या माणसांना पहिल्या फोटोच्या वेळीही बहुतेकदा कुणी विचारलं नव्हतं. सोबतच्यांना त्यांचा आजार, निदान, औषधं विचारायची नाहीत. आणि इथे कुणी स्वतःबद्दल काही बोललं, तर ते इथेच राहील.

‘वेडा’, ‘येडा’ हे शब्द जुन्या पाट्यांवर, जुन्या संस्थांच्या नावांत दिसतील. इतिहास म्हणून ते वाचा. गप्पांमध्ये तेवढे नकोत.

दालनात कसं बघायचं

फेरी कोणत्याही एका माणसाच्या वस्तूपासून सुरू करा, मग ती दुसऱ्या मजल्यावर का असेना. एखादं पत्र, पिशवी, अंगरखा. न्यूयॉर्क राज्यातलं विलर्ड मनोरुग्णालय १९९५ साली बंद झालं तेव्हा माळ्यावर चारशेहून जास्त सुटकेसा सापडल्या. भरती होताना माणसं त्या घेऊन आली होती. आत कपडे होते, फोटो होते, पत्रं होती, परत जाऊ तेव्हा लागतील अशा वस्तू. पुष्कळांना परत जायला मिळालंच नाही. अशी एक वस्तू आधी बघितलेल्या माणसाला पुढच्या दालनातली बेडी वेगळी दिसते. ती कुणाच्या हातात होती हा प्रश्न तोंडी आपोआप येतो.

प्रिन्झहॉर्न संग्रहात आग्नेस रिश्टर या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं जाकीट आहे, १८९५च्या आसपासचं. मनोरुग्णालयातल्या कापडाचं त्यांनी ते शिवलं आणि आतूनबाहेरून अक्षरांनी भरतकाम केलं. बराचसा मजकूर आजही नीट लागत नाही, पण ‘मी’ हा शब्द पुन्हा पुन्हा सापडतो. अशा वस्तूसमोर पाच मिनिटं थांबा. वाटाड्याला घाई असेल तरी थांबा.

जखडण्याच्या साधनांपाशी आलात की धिक्कार करून मोकळं होण्याचा मोह होतो. त्याऐवजी प्रत्येक वस्तूला तेच चार प्रश्न विचारा: हे कुणी वापरलं, कुणावर, वापरणाऱ्याला त्यात काय भलं दिसत होतं, आणि त्या दिवशी त्याच्याकडे दुसरा काय उपाय होता? उत्तरं एकसारखी येत नाहीत. बेथलेममध्ये जेम्स नॉरिस नावाच्या माणसाला दहा वर्षांहून जास्त काळ लोखंडात जखडून ठेवलं होतं. १८१४ साली काही पाहुण्यांनी ते बघितलं आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या समितीने चौकशी केली. तिथे क्रूरपणाच होता. पण त्याच काळात दुसरीकडे वेगळं घडलेलं होतं. यॉर्कला विल्यम ट्यूक आणि त्यांच्या क्वेकर पंथाच्या लोकांनी १७९६ साली ‘रिट्रीट’ सुरू केलं होतं, जिथे साखळ्यांऐवजी बाग, काम आणि माणुसकीची वागणूक होती. डॉक्टर जॉन कोनोली यांनी १८३९ साली लंडनजवळच्या हॅनवेलच्या भल्यामोठ्या मनोरुग्णालयात बांधून ठेवण्याची साधनं बंद केली. म्हणजे ‘तेव्हा दुसरं काही शक्यच नव्हतं’ हे म्हणणं टिकत नाही, आणि ‘तेव्हाचे सगळे निर्दय होते’ हेही टिकत नाही.

साखळ्या तोडल्या कुणी, याचीही एक गोष्ट गटाला जरूर सांगा. श्रेय पॅरिसचे डॉक्टर फिलिप पिनेल यांना जातं. १८७६ सालच्या प्रसिद्ध चित्रात तेच मध्यभागी उभे आहेत. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातल्या साखळ्या प्रत्यक्षात १७९७ साली काढल्या त्या झां-बाप्तिस्त प्यूसां या देखरेख करणाऱ्या माणसाने. तो आधी तिथेच गंडमाळांवर उपचारासाठी दाखल झालेला रुग्ण होता. पिनेल यांनी त्याच्याकडून शिकल्याचं मोकळेपणी मान्य केलं होतं, पण चित्रात त्याला ती जागा नाही. गटात शुभंकर, परिचारिका, वॉर्डबॉय किंवा आया म्हणून काम केलेलं कुणी असेल, तर इथे त्यांना बोलतं करा. रोजची सेवा ज्यांनी केली त्यांच्याबद्दल पाट्यांवर फार थोडं लिहिलेलं असतं.

यानंतर येतात विसाव्या शतकातले उपचार. व्हिएन्नाचे यूलियुस वाग्नर-याउरेग १९१७ साली मेंदूपर्यंत पोचलेल्या उपदंशाच्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया द्यायला लागले. तापाने आजार हटावा अशी कल्पना. काहींना गुण आला, काही दगावले, आणि १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. एगास मोनिझ यांनी लिस्बनमध्ये १९३५ साली मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, त्यांना १९४९ सालचं नोबेल मिळालं. लोबोटॉमी म्हणून ती जगभर पसरली आणि हजारो माणसांची मनं कायमची मंद करून गेली. ही दोन नोबेल पारितोषिकं शेजारी ठेवून बघा. मलेरियाचा उपाय पेनिसिलिनने मागे टाकला. लोबोटॉमीला बाजूला सारलं ते औषधांनी, विशेषतः १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांवर वापरल्या गेलेल्या क्लोरप्रोमाझिनने, आणि तिचे परिणाम डोळ्यांनी बघितलेल्या लोकांनी.

झटक्यांच्या यंत्रापाशी संयोजकाने स्वतः थांबावं. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी ही पद्धत पहिल्यांदा माणसावर वापरली. तेव्हा भूल नव्हती, स्नायू सैल करणारं औषध नव्हतं. आकडीने हाडं मोडायची. काचेमागचं यंत्र त्या दिवसांचं आहे. आज ही झटक्यांची पद्धत, म्हणजे ईसीटी, भूल देऊन, स्नायू शिथिल करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. तीव्र नैराश्यात आणि कॅटाटोनियात (माणूस बोलणं-हलणं थांबून जागीच थिजल्यासारखा होतो, त्या अवस्थेत) तिचा उपयोग पक्का आहे, काही काळ स्मरणशक्तीवर परिणाम होतो हेही तितकंच खरं. तुमच्या दहाबाराजणांत ईसीटीने बरी झालेली व्यक्ती असू शकते आणि जिला ती नको असताना दिली गेली अशीही. ‘बापरे, किती भयंकर’ हा उद्गार पहिलीला लाज वाटायला लावतो, ‘आता ते अगदी सुरक्षित आहे’ हे वाक्य दुसरीला खोटं पाडतं. माहिती सांगा आणि थांबा.

जुन्या नोंदवह्या उघडून ठेवलेल्या असतील तर निदानांची नावं वाचा. १८५१ साली अमेरिकेतल्या सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टराने गुलामांच्या पळून जाण्याला आजाराचं नाव दिलं होतं. समलैंगिकता अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने आजारांच्या यादीतून काढली ती १९७३ साली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. गटातल्या कित्येकांच्या हयातीत. निदानाने मदत मिळते आणि निदानाने माणूस डांबताही येतो, या दोन्ही गोष्टी त्या वह्यांमध्ये शेजारी शेजारी आहेत.

चित्रांच्या दालनात एक सवय आवर्जून टाळा: चित्रात आजार शोधणं. लुई वेन या इंग्लिश चित्रकाराची मांजरांची चित्रं अनेक पुस्तकांत एका ओळीत छापली गेली, साध्या गोजिऱ्या मांजरापासून रंगीत नक्षीत विरघळलेल्या मांजरापर्यंत, आणि खाली लिहिलं गेलं की बघा स्किझोफ्रेनिया कसा वाढत गेला. त्या चित्रांवर तारखा नव्हत्या. तो क्रम एका मानसोपचारतज्ज्ञाने लावला होता. वेन रुग्णालयात असतानाही साधी, हसरी मांजरं काढत होते. म्हणून रंग बघा, रेषा बघा, आवडलं का ते ठरवा. चित्रकाराची केस-फाइल नंतर.

दोन ठिकाणी गटाला आधीच सावध करा. एक, ग्लोर संग्रहालयातल्यासारखी ‘विचित्र’ वस्तू. तिथे एका बाईंच्या पोटातून काढलेल्या १,४४६ वस्तू मांडल्या आहेत: पिना, सुया, खिळे, बटणं. लोक आकडा वाचून चकित होतात आणि पुढे जातात. तिला केवढ्या वेदना झाल्या असतील आणि शस्त्रक्रियेत ती वाचली नाही, हे बोलून दाखवा. दुसरं, मृतांची आठवण. सेलमच्या रुग्णालयात साडेतीन हजारांच्या आसपास माणसांची रक्षा तांब्याच्या डब्यांत वर्षानुवर्षं पडून होती, न्यायला कुणी आलं नव्हतं. आता त्यांची नावं प्रसिद्ध केलेली आहेत आणि नातेवाईक शोधत येतात. अशा जागी भाषण नको. नावं असतील तर दोनचार वाचा.

शेवटचं दालन आजच्या काळाचं असावं. नसेल तर तुम्हीच इटलीतल्या ट्रिएस्टच्या मनोरुग्णालयाची गोष्ट सांगा. १९७३ साली तिथल्या रुग्णांनी आणि कलाकारांनी मिळून भलामोठा निळा घोडा केला, त्याला नाव दिलं मार्को कावाल्लो, रुग्णालयात कपड्यांची गाडी ओढणाऱ्या खऱ्या घोड्याचं, आणि तो मिरवत फाटकाबाहेर शहरात नेला. फ्रांको बसाल्या तेव्हा तिथले प्रमुख होते. १९७८ साली इटलीत कायदा झाला आणि मनोरुग्णालयं टप्प्याटप्प्याने बंद करून वस्त्यांमध्ये उपचार केंद्रं उघडायचं ठरलं. ती केंद्रं सगळीकडे सारख्या वेगाने आली नाहीत आणि पुष्कळ घरांवर भार पडला, हेही सांगायला हवं. शुभंकरांना ते ऐकायचं असतं.

कुणी अस्वस्थ झालं तर

माणूस एकदम गप्प होणं, चेहरा उतरणं, श्वास भरभर चालणं, नजर एकाच वस्तूवर खिळणं, किंवा उलट फार मोठ्याने विनोद करू लागणं, ही चिन्हं लक्षात ठेवा. जवळ जाऊन हळू विचारा, ‘जरा बाहेर बसू या का?’ जोडीदार सोबत जाईल, बाकीचा गट पुढे सरकेल. सगळ्यांनी थांबून बघत राहू नये. बाहेर बसवा, पाणी द्या, पाय जमिनीला टेकू द्या, आजूबाजूला दिसणाऱ्या चारपाच गोष्टींची नावं घ्यायला सांगा. ‘काय आठवलं?’ असं खोदू नका. बोलावंसं वाटलं तर ऐका, नाही वाटलं तर शेजारी बसा. थोड्या वेळाने पुढचं त्यांनाच ठरवू द्या: आत येणं, थेट चहाला येणं, घरी जाणं.

जगणं नको झाल्याचं कुणी बोललं तर विषय बदलू नका. ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही, तिच्या विश्वासातल्या माणसाला बोलवायचं, आणि तातडीची मदत मिळवायची. आपल्या भागातल्या मदतवाहिनीचा आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक संयोजकाच्या फोनमध्ये आधीच साठवलेला हवा.

बसून बोलणं

चहाशिवाय ही सहल करू नका. फेरी संपवून थेट घरी गेलेला माणूस ते सगळं एकटा घेऊन जातो.

गोल करून बसा. ‘काय वाटलं?’ या प्रश्नाने सुरुवात केली की एक तर शांतता पसरते, नाहीतर छापील वाक्यं येतात. ‘कोणत्या वस्तूपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबलात?’ असं विचारा. वस्तूबद्दल बोलता बोलता माणसं स्वतःपर्यंत येतात, आणि ज्यांना यायचं नाही ते वस्तूपाशीच थांबू शकतात. दुसरा चांगला प्रश्न: ‘पाटीवर काय लिहायचं राहून गेलंय?’

गटात डॉक्टर असतील तर सगळे प्रश्न त्यांच्याकडे वळतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की शेवटी बोला. ‘आता आपण किती पुढे आलो’ हा सूर कुणी लावला तर खोडू नका, पण एवढं विचारा की आज माणसांना कुठे बांधून ठेवलं जातं, कुणाच्या संमतीशिवाय औषध दिलं जातं, आणि घरातला आजार लपवायला घर किती कष्ट घेतं. कुणी आपली गोष्ट सांगू लागलं आणि ती लांबली तर तोडू नका. ती संपल्यावर लगेच सल्ले येऊ देऊ नका. ‘योगा करून बघा’ म्हणणारं कुणी ना कुणी असतंच. त्यांना संयोजकाने नम्रपणे थांबवावं.

दुसऱ्या दिवशी आणि पुढे

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकच छोटा निरोप पाठवा: कसे आहात, काही बोलायचं असेल तर मी आहे. मध्येच बाहेर गेलेल्यांना स्वतंत्र फोन करा, आणि फोनवर पहिला विषय दुसराच काढा. रात्री झोप न लागणं, स्वप्नं पडणं एखाददोन दिवस होऊ शकतं. आठवडाभर टिकलं तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलायला सुचवा.

संग्रहालयालाही लिहा. कोणती पाटी खटकली, कुठे बसायला बाक हवा होता, कोणत्या वस्तूशेजारी वापरणाऱ्याचं नाव आहे पण सोसणाऱ्याचं नाही. लहान संग्रहालयं अशी पत्रं वाचतात आणि पाट्या बदलतात.

अशा सहलीनंतर कुणीतरी हमखास हळूच विचारतं की आमच्या घरातल्या एका आत्याला, काकांना असंच कुठेतरी ठेवलं होतं, त्यांचं काही सापडेल का. त्यांना मदत करा. रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी बहुतेक ठिकाणी कित्येक दशकं खुल्या होत नसतात, पण जवळच्या नातेवाइकांसाठी वेगळे नियम असू शकतात; रुग्णालयाच्या किंवा सरकारी अभिलेखागाराला लेखी अर्ज करावा. अर्जात पूर्ण नाव, जन्माचं वर्ष, भरतीचा अंदाजे काळ आणि नात्याचा पुरावा द्यावा. नावाची सगळी रूपं लिहावीत, माहेरचं आडनावसुद्धा. आणि घरातल्या ट्रंकेत त्यांचं पत्र, फोटो किंवा विणलेलं काही असेल, तर ते जपून ठेवा. घरच्या सगळ्यांची संमती असेल तर संग्रहालयाला विचारा. अशा वस्तू घ्यायला ती उत्सुक असतात, आणि सोबत त्या व्यक्तीबद्दल चार ओळी लिहून दिल्या तर पाटीवर काय लिहायचं हे तुम्हाला सुचवता येतं.